अंधाराचा वाटा

२ ऑक्टोबर २०७१, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चंद्रावरील कौस्तुभ तळावर माणसे होती बारा आणि ऑक्सिजन तयार होत होता नऊ जणांपुरता. परवा पृथ्वीकडे निघणाऱ्या मालवाहू यानातून तिघांना परत जावे लागणार होते. वयाने ज्येष्ठ म्हणून त्यांत पहिले नाव यंत्रशाळेचे प्रमुख दिगंबरराव ठोसर यांचे होते.

भौतिकतज्ज्ञ डॉ. शरयू खांबेटे यांच्या मनाला ते नाव सलत होते, कारण ऑक्सिजन देणारा चांदीचा पत्रा खुद्द शरयूबाईंनी घडवला होता.

"बाई, तासभर पत्र्यावरच्या प्रकाशाची झडप बंद करा," ठोसर हातात तबक घेऊन आले. "आज खंडेनवमी. अवजारांना विश्रांती."

"काका, उत्पादन घटतंय आणि तुम्ही प्रकाशच बंद करायला सांगता?"

"आणि तुम्ही तो चौपट केलात! पत्र्याला वेठीला धरलंय का? तो करतो तरी काय?"

शरयूबाईंना हसू आले. "प्रकाश पडला की चांदीतला इलेक्ट्रॉन उद्दीपित होतो. ही ऊर्जा त्याच्यापाशी टिकते किती? सेकंदाचे शंभर लाख कोटी भाग केले, तर त्यातले एक-दोन. तेवढ्यात पृष्ठभागाला चिकटलेला कार्बन डायऑक्साइडचा रेणू भेटला, तर तो धक्का देऊन त्याला तोडतो. नाही भेटला, तर नुसती उष्णता. सुटलेले ऑक्सिजनचे अणू पत्र्यावर भटकतात. दोघांची जोडी जमली की वायू होऊन उडतात."

"लग्न लागलं की वऱ्हाड निघालं!"

"तसंच समजा. पण कुंकू चौकटीला लावा हं, पत्र्याला बोटसुद्धा नको."

झडप मिटली. ठोसरांनी चौकटीला हळदकुंकू वाहिले, हरितगृहातले झेंडूचे फूल ठेवले. शरयूबाईंची नजर मापकावर होती. अंधारात आकडा उतरायला हवा होता. तो चढू लागला.

"मापक बिघडला!"

"सणासुदीला असं बोलू नये."

दुसरा मापक जोडला. तोही तेच सांगत होता. शरयूबाईंनी दोन्ही आकडे पुन्हा ताडून पाहिले.

"काका, अणू सुटल्यावरही मी प्रकाश चालूच ठेवला. जोडी जमण्याआधीच पुढचा इलेक्ट्रॉन येऊन त्यांना उधळून लावतो. मग ते जागा अडवून बसतात, नव्या रेणूला टेकायलाच जागा नाही. प्रकाश वाढवला, तशी उधळण वाढली. तोडायला प्रकाश लागतो, जोडायला अंधार."

"म्हणजे मांडवातच दंगल लावलीत की हो!"

"फटी पाडलेली चकती प्रकाशासमोर फिरवू. क्षणभर उजेड, मग अंधार. लगेच कापून द्या."

"आज अवजाराला हात नाही. उद्या."

"यान परवा निघतंय!"

"म्हणून तर उद्या म्हटलं."

रागवावे की हसावे, ते शरयूबाईंना कळेना. त्या संध्याकाळपर्यंत हातानेच झडप उघडत-मिटत राहिल्या. साठलेले अणू उडून गेल्यानंतरही आकडा उतरला नाही. उलट दहा जणांपुरता झाला. दसऱ्याच्या सकाळी ठोसरांनी पहिले काम केले ते चकतीचे. एक भाग उजेड आणि तीन भाग अंधार हे प्रमाण जुळताच ऑक्सिजन तेरा जणांना पुरेल इतका होऊ लागला.

४ ऑक्टोबर, दुपारी बारा. यान वेळेवर निघाले. परतीचे प्रवासी : शून्य.