एका एकराचा दिवस

ऑब्री सायकलवरून उतार उतरत आला आणि थेट निंबलच्या पोटावर आदळला.

निंबल हा बैल होता. तो हलला नाही. सायकल हलली, आणि ऑब्री तर इतका हलला, की रस्त्याकडेच्या काटेरी ब्लॅकबेरीत जाऊन बसला.

"रस्त्याच्या मधोमध उभा आहे हा!" तो काट्यांतून म्हणाला.

"हो ना," बैलांचा कासरा धरून उभी असलेली व्हेरिटी म्हणाली. "दिसला नाही का तुम्हाला? तसा बराच मोठा आहे."

ससेक्समधला ऑक्टोबर. भुरभुर पाऊस. त्याच्या चष्म्यावर थेंब साचले होते, आणि केसांत एक पिकलेली ब्लॅकबेरी अडकली होती. ती काढून द्यावी असं व्हेरिटीला वाटलं... पण तिने हात कासऱ्यावरच ठेवला. अनोळखी माणसाच्या डोक्यातलं फळ काढू नये, एवढी रीत तिला ठाऊक होती.

"नाव काय याचं?"

"निंबल. पलीकडचा क्विक."

दोन्ही नावांचा अर्थ चपळ. त्या नावांचा दोघांनीही आजवर कधी गैरफायदा घेतला नव्हता.

ऑब्री शब्दकोशाच्या कचेरीत होता; जुन्या शब्दांची कुळं हुडकायचा. त्याच संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये त्याचं 'एकर' या शब्दावर व्याख्यान होतं. आलेल्यांपैकी निम्मे चहासाठी आले होते आणि चहा संपल्यावर प्रामाणिकपणे उठून गेले. उरलेल्यांना तो सांगत होता, की एकर म्हणजे आधी नुसतं मोकळं रान. त्याचा एक भाऊ लॅटिनमध्ये राहतो, दुसरा 'अज्र' नावाने पार संस्कृतात. "पुढे अर्थ बदलला. एक बैलजोडी दिवसभरात नांगरेल तेवढी जमीन, म्हणजे एकर!"

"दिवसभरात?" पहिल्या रांगेतून मिसेस एकहर्स्ट म्हणाल्या. गावाच्या मालकीच्या शेताच्या समितीच्या त्या अध्यक्ष. बैल म्हणजे बसून खाणारी तोंडं, हिवाळ्याआधी खाटकाला देऊन टाकावीत, असं त्या गेला महिनाभर म्हणत होत्या. "आपले दोघे दिवसभरात फार तर कुंपणापर्यंत पोचतात."

हशा झाला. व्हेरिटी उभी राहिली. वासरं असताना तिनेच त्यांना बाटलीने दूध पाजलं होतं, तिनेच मानेवर पहिलं जू ठेवलं होतं.

"शनिवारी एक एकर नांगरून दाखवते. दिवस मावळायच्या आत. झालं तर बैल राहतील."

"आणि नाही झालं तर?"

"नाही झालं तर... तुम्ही म्हणाल तसं."

बाहेर तिने ऑब्रीला गाठलं. "तुमच्या एका शब्दापायी माझे बैल ताटात जाऊन पडतील!"

"शब्द माझा नाहीये हो. हजार वर्षांपासून–"

"शनिवारी पहाटे या. जोडीपुढे चालायला माणूस लागतो."

"मला बैलांतलं काही कळत नाही."

"त्यांना शब्दांतलं कळत नाही. फिट्टंफाट."

शनिवारी मिसेस एकहर्स्टनी चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोकून घेतल्या आणि घडीची खुर्ची, घोंगडी आणि थर्मास घेऊन बांधावर ठाण मांडलं. पुढे काठी घेऊन ऑब्री, मागे नांगराची दोन्ही रुमणी धरून व्हेरिटी. पहिलं तास, म्हणजे नांगराची मातीतली पहिली लांब रेघ, भांग पाडावा तसं सरळ गेलं. मागोमाग पांढऱ्या सीगल पक्ष्यांची वरात निघाली. पार टोकाला गेल्यावर बैल थांबले, भात्यासारखे धापा टाकत.

"का थांबले?"

"दम खायला. इतकं लांब ओढलं की थांबतातच."

"अरे! हाच तर फर्लांग! बैल एका दमात जेवढं तास ओढतील–"

"ऑब्री, पाणी पाज त्यांना."

तिने त्याला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती, आणि तीही एकेरीत. तो बादली घेऊन तत्परतेने चुकीच्या दिशेला गेला.

मग प्रत्येक टोकाला बैल थांबत, आणि ही दोघं बोलत.

"देवाचा एकर म्हणजे काय, माहितेय?" त्याने विचारलं.

"काय?"

"स्मशान."

"मुलींशी तू असंच बोलतोस?"

"मुली इतका वेळ थांबत नाहीत."

"मी कुठे थांबलेय? बैल थांबलेत."

पण पुढच्या टोकाला बैल निघायला तयार झाले, तरी ती आपल्या बुटांचा चिखल काढत राहिली. बूट स्वच्छ होते.

दुपारनंतर जमिनीत गारगोट्या लागल्या. फाळ उडू लागला. व्हेरिटीच्या तळहातांवर फोड आले आणि फुटले. उरलेला पट्टा रुंद होता, ऊन तिरपं झालं होतं.

"एक वाट आहे," ऑब्री हळूच म्हणाला. "मुळात एकराला माप नव्हतंच. दिवसभरात होईल तो एकर. आत्ता थांबलो तरी... मी पटवून देईन त्यांना."

व्हेरिटीने त्याच्याकडे पाहिलं. "त्या खुंट्या दिसतात?"

"दिसतात."

"तिथपर्यंत नांगरायचं. अर्थ वाकवून आज वाचवले, तर पुढच्या हिवाळ्यात कुणीतरी तो परत सरळ करेल."

"पण तुझे हात–"

"हात माझे आहेत. तू पुढे बघ."

त्याने कोट काढला, घडी केली, आणि क्विकच्या मानेला जू घासत होतं तिथे सरकवली. व्हेरिटीला काहीतरी म्हणायचं होतं... नांगर धरलेला असताना ते म्हणता येत नव्हतं.

शेवटची दोन-तीन तासं उरली, आणि क्विक खाली बसला. ओढून झालं, चुचकारून झालं, सफरचंद झालं. क्विकने सफरचंद खाल्लं आणि बसून राहिला.

तेव्हा ऑब्री चिखलात गुडघे टेकून बैलाच्या कानाशी वाकला. "हे बघ, क्विक. 'एकर' या शब्दाच्या मूळ धातूचा अर्थ हाकणे असा असावा, असं काही पंडित मानतात. दुसऱ्या काही पंडितांच्या मते मात्र..."

क्विक उठला. व्याख्यानातून उठून जाणारा तो पहिला श्रोता नव्हता. पण जाताना नांगर ओढत नेणारा तो पहिलाच.

सूर्य टेकडीला टेकला होता. शेवटचं तास खुंटीला भिडलं, तेव्हा सूर्याची नुसती लाल कड उरली होती. मिसेस एकहर्स्ट ढेकळं तुडवत आल्या, चारी बाजू बघून घेतल्या.

"मधे जरा वाकडं गेलंय."

"हो," व्हेरिटी म्हणाली.

"पण आहे एकरच." त्यांनी खुर्चीची घडी केली. "बैल राहतील. दोघेही. या तिसऱ्याचं तू बघ."

त्या गेल्या. व्हेरिटी नांगराशी तशीच उभी होती.

"चल ना," ऑब्री म्हणाला.

"येता येत नाहीये. बोटं... उघडत नाहीत."

तो जवळ आला. करंगळीपासून सुरुवात करून, एकेक बोट रुमण्यावरून अलगद सोडवू लागला. फुंकर घालत, अजिबात घाई न करता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठल्याही गोष्टीचं मूळ सांगत नव्हता.

"सोमवारी मला कचेरीत परत जायचंय," तो खाली बघत म्हणाला. "आणि मला जायचं नाहीये. तू असशील तिथे... म्हणजे तू, आणि हे दोघे..."

शेवटचं बोट सुटलं.

"झालं," तो म्हणाला. "सुटले हात."

"हो," व्हेरिटी म्हणाली. "आता धर."