शेजारच्या सीटचा ब्रेक

पैज लागली ती रविवारी सकाळी दहाला, बिल्डिंगच्या आवारात, दोन बादल्या आणि एका ओल्या फडक्याच्या साक्षीने.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर गाडी धुवायला म्हणून बाहेर आले होते आणि साबण लावून झाल्यावर भिंतीला टेकून मोबाईलवर दुसरीच गाडी चालवत बसले होते. खरी गाडी उन्हात वाळत होती. साबणाचे पांढरे ओघळ दारांवर चिकटून बसले होते.

"डॉक्टर, एक धड धुऊन होईना, तोवर दुसरी काढलीत?" मास्तरांनी विचारलं.

मास्तर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे. ड्रायव्हिंग स्कूलवाले. सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती, आणि उरलेल्या वेळात अख्ख्या बिल्डिंगला छळलं होतं. मागच्याच महिन्यात डॉक्टर पाठीवर मास्तरांनी गुपचूप चिकटवलेला लाल 'एल' घेऊन दिवसभर पेशंट तपासत होते. शेवटी खुर्चीवरून उठताना एका बाईंनी हळूच विचारलं, "डॉक्टर, तुम्ही अजून शिकताय का?" तेव्हा कुठे कळलं.

"फुकटचा गेम आहे," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "शहर आहे, गाडी आहे, हवं तिकडे जायचं. दोन पेशंटच्या मध्ये खेळतो. काय गोडी आहे म्हणून सांगू!"

"दातांच्या डॉक्टरने गोडीचं कौतुक करू नये. आणि त्यात पोरखेळापलीकडे काही नाही, मी लिहून देतो."

"द्याच लिहून. आठ दिवस, रोज अर्धा तास खेळायचं. शिकाऊ माणसाला देता तसे मार्क द्यायचे. दहापैकी चाराच्या खाली दिलेत तर मी हरलो."

"आणि मी हरलो तर?"

डॉक्टरांनी आवारावरून नजर फिरवली. "तर इथेच, सगळ्यांसमोर, उलटं चालत तीन फेऱ्या. रिव्हर्स घेताना गाडी करते तसा तोंडाने आवाज काढत. मध्येच सोडलंत तरी हरलात."

"आणि तुम्ही हरलात तर तेच तुम्ही. पांढऱ्या कोटात."

टाळी पडली. गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनीही वरून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी संध्याकाळी मास्तर हॉलमधल्या लाकडी खुर्चीत ताठ बसले, मांडीवर स्कूलची मार्कांची वही ठेवली आणि गेम उघडला. आधी जाहिरात. मग शहर. स्वच्छ रस्ते, उंच इमारती, एकसारखी झाडं. दोन मिनिटांनी परत जाहिरात. माणसांच्या अंगावर गाडी घातली तर माणसं टुणकन बाजूला उडी मारायची. खांबाला ठोकली तर गाडी चेपायची आणि तीन सेकंदांत नवी होऊन रस्त्यावर उभी. मास्तरांनी लिहिलं: 'क्लच नाही. आरसा आहे, पण बघायची गरज नाही. तीन.'

मंगळवारी त्यांना गाडीच्या आतून बघायचं बटण सापडलं. स्टिअरिंग, काच, आणि शेजारची रिकामी सीट. त्या सीटकडे ते जरा वेळ बघतच राहिले. सव्वीस वर्षं ते तिथे बसले होते. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो, आणि त्या ब्रेकवर मास्तरांचा जीव होता. समोरचा माणूस घाबरण्याआधी त्यांचा उजवा पाय दाबला जायचा. त्यांच्या गाडीने आजवर कुणाला खरचटलंही नव्हतं. दाढी करताना, जेवताना, झोपेतसुद्धा तो पाय तयार असायचा.

आताही तो फरशीवर दाबला जात होता.

"अहो, फरशी खचेल," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"सवय आहे गं."

"मग त्या गेमवाल्यांना सांगा, जमिनीत ब्रेक बसवून द्या म्हणावं."

मास्तर हसले. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला होता. वहीत लिहिलं: 'साडेचार.' मग ते खोडून 'साडेतीन' केलं.

बुधवारी ब्रेक लागला.

मास्तरांचा अंगठा वेगाच्या बटणावर होता. सिग्नल लाल झाला, पाय आपोआप फरशीवर दाबला गेला आणि गाडी थांबली. चाकं करकरली, समोरचं दृश्य पुढे झुकलं. अंगठा वेगावर तसाच.

त्यांनी परत केलं. परत थांबली.

मास्तरांना पहिल्यांदा आठवले ते डॉक्टर. एवढी भारी गंमत करायची अक्कल त्यांच्याकडे नव्हती, पण पाठीवरच्या 'एल'चा सूड घ्यायला माणूस काहीही शिकतो. त्यांनी नेट बंद केलं. फोन बंद करून परत चालू केला. खुर्चीखाली, चटईखाली हात फिरवून पाहिला. मग बायकोला बोलावलं, फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "ओट्यापाशी जा. हे हिरवं बटण दाबून धर, सोडू नकोस. काय होतं ते मोठ्याने सांग."

ती गेली. मध्ये भिंत. मास्तरांनी पाच मोजले आणि पाय दाबला.

"थांबली," आतून आवाज आला.

पाय उचलला.

"निघाली."

दाबला.

"थांबली. अहो, माझं बोट तर बटणावरच आहे."

तिने फोन आणून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पदराला हात पुसले. हात ओले नव्हते.

गुरुवारी सकाळी अकराला एका नर्सबाईंचा तास होता. चार महिन्यांपासून शिकत होत्या, हात चांगला बसला होता. फोन घरी चार्जिंगला लावून मास्तर निघाले. बाजाराच्या वळणावर फळवाल्याने रिकामे खोके रस्त्यावर मांडले होते. नर्सबाईंनी ते उशिरा पाहिले. मास्तरांचा पाय दाबला गेला.

पेडल खाली गेलं. गाडीने वेग सोडला नाही.

त्यांनी परत दाबलं, पूर्ण, पोटरीत गोळा येईपर्यंत. तळव्याला पेडलचा घट्टपणा लागत होता. गाडी तशीच चालली होती. शेवटच्या क्षणी नर्सबाईंनीच आपला ब्रेक मारला. एक खोका बंपरला लागून आडवा झाला.

"मास्तर, तुम्ही दाबलाच नाहीत!" त्या म्हणाल्या.

"तुमची परीक्षा बघत होतो," मास्तर म्हणाले. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

तडक गॅरेजला. मेकॅनिक गाडीखाली गेला, बाहेर आला, शेजारच्या सीटवर बसला आणि मास्तरांना अंगणात गाडी फिरवायला लावून ब्रेक दाबला. कच्चकन थांबली. मग जागा बदलून मास्तर तिथे बसले. दाबला. गाडी निवांत चालत राहिली. मेकॅनिकने आपल्या बाजूने थांबवली.

"वस्तू नवीकोरी आहे," तो तेलकट हात पुसत म्हणाला. "मास्तर, तुमचंच वजन उतरलं की काय? जेवता ना नीट?"

घरी आले तर बायको दारातच उभी होती.

"तुमचा तो गेम उघडाच राहिला होता. सव्वाअकराला एवढ्या जोरात ब्रेक लागल्याचा आवाज आला! मी जाऊन बघितलं तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी. उभी गाडी ब्रेक कसा मारेल हो? मग गप्प झाली. आणि आत्ता, अर्ध्या तासापूर्वी, परत एकदा."

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. अर्ध्या तासापूर्वी ते गॅरेजमध्ये होते.

जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. समोर लेक बसली होती. सोमवारी तिची लायसन्सची परीक्षा. आत्तापर्यंत ती मोकळ्या मैदानात चालवत होती. शनिवारी पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर न्यायचं ठरलं होतं, आणि शेजारी मास्तर बसणार होते.

"बाबा, शनिवारी नक्की ना? परत टांग देऊ नकोस. सगळ्या जगाला शिकवलंस आणि मला दोन वर्षं नुसतं 'बघू' म्हणत आलास."

"नक्की."

"आणि उगीच सारखा ब्रेक दाबू नकोस."

बायकोने वर पाहिलं आणि परत ताटात पाहिलं.

शुक्रवारी त्यांनी सगळे तास रद्द केले, पण गेम मात्र उघडला. स्वतःलाच कारण सांगितलं, पैज आहे. खरं म्हणजे सकाळपासून त्या शहराची आठवण येत होती. ते खेळत राहिले आणि मार्कांऐवजी वहीत वाक्यं लिहिली. 'इथे माझ्या शेजारी कुणी घाबरत नाही. ठोकलं तर शहर विसरून जातं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका थांबवल्या, इथे माझी चूकसुद्धा कुणाला लागत नाही. फुकट आहे म्हणून गोड नाही. गोड आहे म्हणून फुकट ठेवलंय.' खाली आकडा लिहिला: 'नऊ.' हा आकडा खोडावासा वाटला नाही, याचंच त्यांना भय वाटलं.

मग आतून बघायचं बटण दाबलं. शेजारची सीट रिकामीच होती. पण मंगळवारी बाजूला लोंबत असलेला तिचा पट्टा आता लावलेला होता, आणि छातीच्या उंचीवर फुगलेला होता.

शनिवारी सकाळी चहाच्या आधी मास्तरांनी गेम काढून टाकला. फोनने विचारलं, 'नक्की?' त्यांनी 'हो' दाबलं. तिथे आता नुसती रिकामी जागा होती.

आधी मैदान. लेकीला सांगितलं, चालत्या माणसाच्या वेगाने सरळ जा. वीस पावलांवर त्यांनी डोळे मिटले आणि पाय दाबला.

गाडी कच्चकन थांबली. लेकीचं कपाळ स्टिअरिंगवर आपटता आपटता राहिलं.

"बाबा! मी काहीच चुकले नव्हते!"

"नव्हतीसच," मास्तर म्हणाले. त्यांना हसू आवरेना. त्यांनी अजून चारदा दाबला. पाचव्या वेळी लेकीने खाली उतरून दार आपटलं. मग तिची समजूत काढून ते मोठ्या रस्त्यावर गेले, पूल ओलांडला, बाजारातून फिरले, आणि लेकीने गाडी अशी चालवली की पायाला कामच पडलं नाही.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांची बेल वाजवली. "हरलो."

"सहाव्या दिवशीच?" डॉक्टर खूश झाले. "का हो? आवडला ना? खरं सांगा!"

मास्तरांनी आयुष्यभर इतक्या थापा मारल्या होत्या की हे सांगितलं असतं तर डॉक्टरांनी आधी स्वतःची पाठ चाचपली असती.

"आवडला," ते म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

रविवारी दहाला आवार भरलं. खिडक्यांत डोकी, जिन्यात डोकी. डॉक्टरांनी क्लिनिकमधली खुर्ची बाहेर आणून ठेवली होती, परीक्षकासारखी. लेक गाडीच्या टपाला टेकून उभी होती. बायको पहिल्या पायरीवर.

"मास्तर, आरसा बघा! सिग्नल द्या!"

मास्तरांनी वाकून सगळ्यांना नमस्कार केला आणि उलटं चालायला लागले. "पीं. पीं. पीं." पहिल्या फेरीत लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांनाही मजा येत होती. इतक्या दिवसांनी अंग हलकं वाटत होतं.

दुसऱ्या फेरीत, कोपऱ्याजवळ, ते जागच्या जागी थांबले. त्यांच्या टाचेमागे वीतभर अंतरावर दुसऱ्या मजल्यावरची छोटी मुलगी बसून खडूने घर काढत होती. तिच्या आईने धावत येऊन तिला उचललं.

"वा, मास्तर! डोक्याला मागे डोळे आहेत!"

मास्तरांनी तिला पाहिलं नव्हतं. ऐकलंही नव्हतं.

ते उभे राहिले. पाऊल उचलायला गेले तर उचलेना, जणू ब्रेक दुसऱ्याच कुणाच्या पायाखाली होता. मुलगी जिन्यात पोचली आणि मगच पाऊल उचललं गेलं.

तिसरी फेरी संपली. टाळ्या, शिट्ट्या. डॉक्टर खुर्चीवरून उठून हात पुढे करत आले.

मास्तरांनी थांबायचं ठरवलं.

त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबला, पूर्ण, पोटरीत गोळा येईपर्यंत. डावा पाय मागे पडला. मग उजवा.

"पीं. पीं."

"झालं हो, तीन झाल्या!" डॉक्टर ओरडले. लोक पोट धरून हसत होते. मास्तरांचा हा नवाच नमुना.

"बाबा, पुरे आता," लेक म्हणाली. तीही हसत होती.

मास्तरांना तिला हाक मारायची होती. त्यांनी सगळा जोर लावून तोंड उघडलं.

"पीं. पीं. पीं."

पायरीवरून बायको उठली. ती हसत नव्हती.

कोपरा आला तशी मास्तरांची चाल मंद झाली. मान वळून एकदा एका खांद्यावरून मागे बघून आली, मग दुसऱ्या. आणि ते वळण त्यांनी असं घेतलं, कुठे न घासता, न अडखळता, की खिडक्यांतून पुन्हा टाळ्या पडल्या.