कुंडातली गार पाठ

नबीलाल फेटेवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं पावसाळ्यात मिटली, ती उघडेनातच. नात तहरीमचं लग्न तोंडावर आलेलं. नवरदेवाला फेटा आजोबानंच बांधायचा, आणि आजोबाला इथं लेंग्याची नाडी बांधता येईना! मग काय, थंडीतल्या एका सकाळी जोडीदार अण्णासोच्या स्कूटरवर मागं बसून गडी कागलातनं निघाला, ऊनझरीच्या औषधी पाण्याला. खुशीत असा, जणू स्वतःच नवरदेव. वाटेत दिसेल त्या सायकलवाल्याला ओरडायचा, "पावणं, मागचं चाक फिरतंय की!" तो बिचारा घाबरून उतरला की हा खिदळायचा.

ऊनझरीचं कुंड जुन्या राजवटीतलं, काळ्या दगडाचं. गंधकाचा वास, आणि वाफ अशी की स्वतःचं नाक चाचपून बघावं. दारात राखणीला अंबूबाई. तिनं रीत सांगितली.

"पुढं बसलेल्याची पाठ चोळायची. चोळताना म्हणायचं, 'पाण्याला दिलं.' दुखणं पाण्यात जातंय."

"आन् पुढच्यालाच दिलं तर, मावशी?"

अंबूबाई हसली नाही. "माणसाला द्यायचं न्हाय, बाबा. घेणारं बसल्यालं असतंय."

"घेणारं आमचंच हाय, अण्णासो नावाचं!" म्हणत नबीलाल आत उतरला.

पाणी कढत, कमरेपर्यंत. कुठंतरी थेंब पडत होता. वाफेत पुढं एक पाठ दिसली. अण्णासोचीच, आपल्या आधीच उतरला असणार; एवढ्या गारठ्यात दुसरं कोण तडमडायला येतंय? नबीलालला चेव चढला. पाठ चोळत तो कानाशी कुजबुजला, "अण्ण्या, ही वाकडी बोटं... तुला दिली रं, तुला!"

पाठ हलली नाही. एवढ्या कढत पाण्यात ती मात्र विहिरीच्या तळातल्या दगडागत गार होती.

"...घेतली," हळूच आवाज आला.

आणि कट्‌... कट्‌... कट्‌. तिन्ही बोटं उघडली! नबीलाल पाण्यातच नाचायला लागला. "अण्ण्या, बघ की रं! उघडली!"

"वरडतोस कशाला?" आवाज मागनं, दारातनं आला. अण्णासो उंबऱ्यावर उभा, कोरडा ठणठणीत, हातात भज्यांचा पुडा. "मी उतरलोय कुठं अजून? भजी गरम हुती, म्हटलं आधी खावीत."

नबीलालनं पुढं बघितलं. नुसती वाफ.

तो तसाच बाहेर आला, अण्णासोला पाण्याला पायसुद्धा लावू दिला नाही. दारात अंबूबाईनं विचारलं, "कुणाला दिलंस?"

"पाण्याला," नबीलाल म्हणाला. तिच्याकडं न बघता.

पण बोटं उघडली होती हो! गाव मागं पडलं, ऊन आलं, तशी म्हाताऱ्याची कळी परत खुलली. स्कूटरवर मागं बसून तो दोन्ही हातांनी हवेतच फेटा बांधत होता. हा पीळ, हा तुरा, हा सोडला मागं शेमला...

"नब्या, पाठीवरचा हात काढ की," अण्णासो म्हणाला. "गार लागतोय."

नबीलालचे हात हवेतच थांबले. दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर. दहाच्या दहा बोटं उघडी.

अण्णासोच्या शर्टावर एक ओला पंजा उमटला होता. तो हळूहळू वर सरकत होता. तीन बोटं मिटलेली.

"अण्णा..." आयुष्यात पहिल्यांदा त्याला चेष्टा सुचेना. "अण्णा, गाडी थांबीव..."

"थांबीवतो की." पुढं उतार लागला होता. अण्णासो हँडलकडं बघत राहिला. "पर ब्रेकवर हातच जाईना... ही बोटं का उघडंनात रं, नब्या?"