दोन गिटारी आणि न आलेला पाऊस

पावसाने गाठलं म्हणून समोर दिसलेल्या उघड्या दारात आपण शिरलो, असं जांदिरा नंतर सगळ्यांना सांगायची. साफ खोटं. आठवडाभर ती ब्राझीलमधल्या बेलें शहरातल्या त्या वाद्यांच्या दुकानासमोरून रेंगाळत जात होती. त्या दुपारी पावसाने फक्त तिला आत ढकललं.

खांद्यावर तीन वर्षांची लिया गाढ झोपलेली. समोर दुकानाच्या मालकीणबाई, दोना वाल्दा, आणि त्यांनी टेबलावर मांडलेल्या दोन इलेक्ट्रिक गिटारी. एक जुनी, अंगावर ओरखडे मिरवणारी स्ट्रॅटोकास्टर. जांदिराच्या बाबांनी जन्मभर असलीच वाजवली. दुसरी तुकुमा, त्याच नावाच्या पिकल्या फळासारखी नारिंगी. नदीपलीकडच्या कुठल्याशा गावात बनणारी... नावसुद्धा कुणी न ऐकलेली.

शनिवारी नदीकाठच्या नाचात ती लियाच्या जन्मानंतर पहिल्यांदाच वाजवणार होती. घरातली गिटार दमट हवेने वाकून गेलेली. आता एकच घ्यायची आणि चुकायचं नाही. लियाच्या बापाच्या बाबतीत एकदा चुकले, तेवढं पुरे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पण हात मोकळे कुठे होते?

"मी वाजवून दाखवू?"

तिने वळून पाहिलं. केसांतून पाणी निथळणारा एक तरुण, हातात तारांचं पाकीट.

"तुम्ही कोण?"

"ओतोनिएल. सकाळी मावशीच्या दुकानात आसाईच्या फळांचा रस विकतो, संध्याकाळी लग्नांत वाजवतो. लोकांना दोन्हींपैकी रसच जास्त आवडतो."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली. "माझ्याकडे पाठ करून बसा. मला बघायचं नाही... ऐकायचंय."

तो निमूट वळून बसला. लिया उठू नये म्हणून आवाज आधी बारीक केला. मग एक उड्या मारणारी, लाटेसारखी धून – आधी एका गिटारीवर, मग दुसरीवर. जांदिराने डोळे मिटले होते.

"दुसरी," ती म्हणाली. "दुसरी गोड आहे. स्ट्रॅटच ना?"

तो वळला. मांडीवर नारिंगी गिटार! तिचे कान तापले.

"झालं तर मग! तुकुमा बांधून देते," दोना वाल्दा उठल्याच.

"घेऊ नका," तो म्हणाला.

"एगुआ, कमालच झाली! माझ्याच दुकानात बसून माझंच गिऱ्हाईक पळवतोस?"

"खरं ते सांगतोय, दोना वाल्दा. माझ्याकडे हीच आहे. आपल्या हवेत पहिलं वर्षभर हिची मान हलत राहते. दर गाण्याला सूर लावत बसायचं. मग बसते जागेवर."

"आणि नाही बसली तर?" जांदिराने विचारलं.

त्याने मांडीवरच्या गिटारीची मान चाचपली. "माझी बसली. तुमचीचं... मी कसं सांगू?"

शपथा घेणारी माणसं जांदिराने पाहिली होती. 'कसं सांगू' म्हणणारा हा पहिलाच.

"उद्या माझी आणतो. वाजवून बघा, मग ठरवा," तो म्हणाला. "कोपऱ्यावर गरम टाकाका सार विकणाऱ्या गाडीपाशी. पावसानंतर?"

"पावसानंतर."

बेलेंमध्ये एवढं बोललं की भेट ठरली. दुपारचा पाऊस रोजचाच. माणसं त्याच्या आधी भेटतात नाहीतर नंतर. घड्याळाला विचारतो कोण?

आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच नाही.

ढग आले, गुरगुरले, निघून गेले. सगळं गाव लोंबकळत राहिलं. शेजारीण केस कापायला जायचं म्हणून दारात ताटकळत उभी. जांदिराने लियाचा फ्रॉक बदलला, मग स्वतःचा झगा, मग पुन्हा पहिलाच घातला. पाऊस नाही तर पावसानंतर कुठलं? बरंच झालं, त्याला आयती पळवाट मिळाली... उन्हं कलली तशी ती लियाला घेऊन तटकन उठली. सरळ दुकानात जायचं, स्ट्रॅट घ्यायची, विषय संपला.

वळणावर मात्र पाय थबकले.

टाकाकाच्या गाडीशेजारी स्टुलावर ओतोनिएल बसला होता. मांडीवर गिटारीची पेटी, बाजूला सार प्यायच्या रिकाम्या तुंब्यांची रास.

"कधी आलात?"

"दुपाली."

"काय?"

"दुपा...री." त्या सारातल्या पाल्याने त्याचे ओठ पार बधिर झाले होते.

"घेऊन जा गं बाई याला!" गाडीवाली ओरडली. "मी गाडी लावायच्या आधीपासून बसलाय. नुसतं बसू देणार नाही म्हटलं, तर एकामागून एक पितोय."

"पाऊस नाही आला, तर 'नंतर' कधी सुरू होतं तेच मला कळेना," तो एकेक शब्द जपून म्हणाला. "तुम्ही येऊन परत गेलात तर? म्हणून... आधीच येऊन बसलो."

जांदिराने पेटी उघडली. तिने गिटार मांडीवर घेतली, लाकडाला कान लावून तार छेडली. एकही सूर हललेला नव्हता. लियाचा हात कडेच्या वाफाळत्या तुंब्याकडे गेला. ओतोनिएलने बोलता बोलता, तिकडे न पाहताच, तुंबा दूर सरकवला. जांदिराने पाहिलं. असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे.

"मग? तुकुमा की स्ट्रॅट?"

"स्ट्रॅट."

त्याचा चेहरा किंचित उतरला. "बरोबरच आहे. मीच तर म्हणालो होतो."

"गिटार ओळखीचीच बरी." तिने त्याची तुकुमा हळूच पेटीत ठेवली. "एका वेळी एकच अनोळखी गोष्ट झेपते रे मला... आणि ती मी आत्ताच निवडली."

त्याला कळायला वेळ लागला. आधी कान लाल झाले, मग सगळा चेहराच.

तेवढ्यात टपोरे थेंब पडू लागले. "आत्ता आला मेला!" म्हणत गाडीवालीने ताडपत्री ओढली. जांदिराने छत्री उघडली. लिया, पेटी आणि ओतोनिएल... तिघांना पुरेना, म्हणून तो आणखी जवळ सरकला.

"शनिवारी नाचाला येशील ना?"

"येईन की! पावसाआधी, का पावसानंतर?"

"पावसाचं नावसुद्धा काढू नकोस," जांदिरा म्हणाली. "सातला ये. घड्याळ बघून."