पॉपलरखालची जागा

"खोटं बोलू नकोस, ग्लेनिस! हात हलवून हलवून तूच मला मागं बोलावत होतीस!"

"मी? घसा फुटेस्तोवर थांब थांब ओरडत होते मी! झाड आणि कॅरॅव्हॅन यांच्यामध्ये माझा पापड झाला असता. हा दंड बघ, काळानिळा पडलाय."

"मी आरशात बघत होतो."

"मग डोळे तपासून घे, म्हाताऱ्या!"

हसू नका, पोरांनो. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नदीला लागून ती पॉपलरच्या झाडाखालची जागा दिसते ना, तिथं हे भांडण चाललं होतं, आणि मी इथंच, याच खुर्चीत बसले होते. मागच्या वर्षी, चौदा जुलैच्या, या फ्रेंचांच्या राष्ट्रीय सणाच्या रात्री. गावात शोभेची दारू उडायची होती, म्हणून कॅम्पिंगचा हा सगळा तळ पुलावर गेलेला. माझे गुडघे मला कुठं जाऊ देतात? सकाळच्या पावाचं तळाच्या ऑफिसात सांगून आले आणि बसले. कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, भिंती बिस्किटाच्या डब्याच्या. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. आणि ऐकायचं नाही असं मी म्हटलंच नव्हतं.

नॉर्मन टॅटर्सल इंग्लंडमधल्या आमच्या लँकशायरचाच. तो आणि त्याची बायको बेरिल वर्षानुवर्षं त्याच जागेवर उतरायची. कॅरॅव्हॅन मागं घालताना नवरा गाडीत, बायको मागच्या कोपऱ्यात, ही आमच्याकडची रीतच आहे. बोलायचं नाही. फक्त हात. नवऱ्यानं आरशातल्या हातांवर नजर लावायची आणि आंधळ्यासारखं मागं यायचं. लग्नं टिकतात ती यावर, चर्चमधल्या शपथांवर नाही. बेरिल मागं उभी असली की नॉर्मनच्या चाकाखाली कधी गवताचं फूल आलं नाही.

मग एका उन्हाळ्यात तो या ग्लेनिसला घेऊन आला. म्हणाला, बेरिल वसंतात गेली. डोळे पुसले. याच कापडी ओसरीत आम्ही बेरिलच्या नावानं पेले उंचावले. मी ढसाढसा रडले. ग्लेनिसही रडली. तोंडाची फटकळ, पण मनानं वाईट नव्हती ती.

आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही रात्र.

"आरशात कुठल्या बाजूला दिसले मी तुला?" ग्लेनिस विचारत होती.

"उजव्या."

"मी डावीकडं होते, नॉर्मन. झाडाच्या बाजूला."

कॅरॅव्हॅन अजून गाडीला जोडलेलीच होती. आत तो येरझाऱ्या घालायला लागला तशी ती होडीसारखी डुलायला लागली.

"उजवीकडं बाई होती," तो म्हणाला. "मला वाटलं तूच. निळा गाऊन घातलेली..."

"माझ्याकडं निळा गाऊन नाही."

"तसला, गं. मी बेरिलला ख्रिसमसला नेऊन दिला होता तसला. तिथं थंडी वाजायची तिला, वृद्धाश्रमात, म्हणून..."

माझा चहाचा कप तोंडाशी तसाच राहिला.

"कुठल्या ख्रिसमसला?" ग्लेनिस हळू म्हणाली.

आतल्या येरझाऱ्या थांबल्या.

"नॉर्मन. कुठल्या ख्रिसमसला?"

"...मागच्या."

कळलं का, पोरांनो? पेले उंचावले ते जुलैत. हा ख्रिसमस त्याच्यानंतरचा. आम्ही इथं तिच्यासाठी रडत होतो, आणि बेरिल तिकडं जिवंत होती. खिडकीशी बसलेली. माणसानं जिवंत बायकोच्या नावानं माझ्याच हातची वाईन प्यायली, आणि मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता!

"यायचं म्हणायची ती? इथं?" ग्लेनिसनं विचारलं.

"म्हणायची. रोज. शेवटी मी सांगून टाकलं, कॅरॅव्हॅन विकली म्हणून."

"आणि मी तिच्याच गादीवर... अरे, मला सांगितलंस ती मेली!"

"तिला कळलं नाही, ग्लेनिस. जानेवारीत गेली. तिला काहीच कळलं नाही."

पुलावर पहिला बाण उडाला. गवत हिरवंगार दिसलं, पुन्हा काळं झालं.

आणि त्यांच्या कॅरॅव्हॅनच्या खालून आवाज आला.

कर्र... कर्र... कर्र...

तो आवाज आम्हा लोकांना झोपेतही ओळखू येतो. मुक्काम ठरला की कॅरॅव्हॅनच्या चार कोपऱ्यांतले लोखंडी पाय हँडल फिरवून जमिनीला टेकवायचे. मग ती डुलत नाही. ते काम बेरिलचं. नॉर्मननं कधी हँडलला हात लावलेला मी पाहिला नाही.

"कोण आहे?" नॉर्मनचा आवाज चिरकला.

"हँडल कुठंय?" ग्लेनिसनं विचारलं.

"डिकीत."

"किल्ली?"

"माझ्या... माझ्या खिशात."

कर्र... कर्र...

दुसरा कोपरा. माझ्या बाजूचा. मी बघत होते. डोळे फाडून बघत होते. बाण फुटला, दिवसासारखा उजेड पडला. लोखंडी पाय खाली येत होता.

तिथं कोणी नव्हतं.

तिसरा.

चौथा.

मग आत नॉर्मन दोन पावलं चालला. कॅरॅव्हॅन हलली नाही. दगडाच्या घरासारखी उभी.

सकाळी मी स्वतः जाऊन पाहिलं. चारही पाय मातीत घट्ट. हँडल डिकीत, पिशवीत गुंडाळलेलं. तळावरच्या तिघांनी जोर लावला तरी एकही पाय वर फिरला नाही. पण ते सकाळचं. त्या रात्री दार उघडलं आणि ग्लेनिस बॅग घेऊन उतरली. वाकून खाली बघितलं. सरळ झाली. चेहरा पिठासारखा.

आतून नॉर्मन रडत म्हणाला, "ग्लेनिस, मला एकट्याला टाकून जाऊ नकोस गं."

तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"एकटा कुठं आहेस, नॉर्मन, तुझी बायको राहायला आलीय."