लाल दिव्याची पहिली मुलाखत

"पैज लावा, तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही!" गिरणीत दळणासाठी थांबलेल्यांना दामूअण्णा म्हणाले. "ग्रहदीप आधी साहेबांच्या कपाळावर असायचा!"

"काहीतरीच काय अण्णा!"

ग्रहदीप कुणाला ठाऊक नाही? नोकरी मागायला आलेल्याच्या कपाळाला बांधतात ती दिव्याची पट्टी. मत बनताना मेंदूत एक लहर उठते. समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच ती उठली, तर तो पूर्वग्रह. दिवा लाल. उमेदवार बाद.

"बियाण्यांच्या कोठाराला राखणदार हवा होता," अण्णा रंगात आले. "परीक्षेत पहिली आलेली पोरगी पारध्यांच्या वस्तीतली. शिपायानं बाहेरून नुसता तिचा पत्ता वाचला, आणि तिन्ही साहेबांचे दिवे भक्कन लाल! एकाची तर टोपीच पेटली!"

सगळे खो खो हसले. गिरणीवाली झेलम तेवढी हसली नाही.

"मग काय! साहेब गेले घरी, किल्ल्या पोरीच्या हातात!"

खटकन गिरणी बंद झाली.

"खोटं," झेलम म्हणाली. "साफ खोटं! किल्ल्या मिळाल्या असत्या तर इथं तुमची ज्वारी दळत बसले असते का मी?"

ती पारध्यांची पोरगी म्हणजे झेलमच, हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दिवे लाल झाले हे खरं. मग साहेब म्हणाले, न्याय दोन्हीकडून हवा, हिलाही बांधा पट्टी. बांधली. साहेबांनी अजून नावही विचारलं नव्हतं, आणि माझा दिवा तिघांपेक्षा लाल! मी यंत्रवाल्या डॉक्टरांना विचारलं, 'जन्मभर ज्यांनी हाकललं त्यांना बघून 'हेही हाकलणारच' असं वाटलं, तर तो माझा पूर्वग्रह?' ते म्हणाले, 'ताई, मत कधी झालं ते यंत्राला कळतं. का झालं, ते कळत नाही.' मग साहेबांनी आपल्या पट्ट्या काढून ठेवल्या. माझी तेवढी राहिली. तेव्हापासून ती तुमच्या पोरांच्या कपाळावर आहे. हसा आता!"

तिनं पुन्हा खटका दाबला. गिरणी घरघरू लागली.

"अण्णा, तुमचाच नंबर. द्या डबा."

दामूअण्णांनी डबा पोटाशी ओढला. "राहू दे... घरी पीठ आहे अजून."

त्यांच्या कपाळावर पट्टी नव्हती.