शेवटच्या गाडीच्या मागे

“मी शेवटच्या थांब्यावर चहा घेऊन उभी होते,” दातांची डॉक्टर म्हणाली. “धुक्यातून गाड्यांचे आवाज आले. जवळ आले, आणि मग लांबून कुठेतरी निघून गेले. समोरून काहीच आलं नाही.”

वहिनींनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. पूर्वी त्या विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या. आता खासगी तपास करायच्या. मदतीला त्यांचा दीर होता. त्या त्याला भावोजी म्हणायच्या, म्हणून सगळेच म्हणायचे.

डॉक्टर जुन्या गाड्यांच्या मंडळाची संयोजक होती. दरवर्षी दाट धुक्याच्या दिवसांत मंडळाची फेरी निघे. आजच्या फेरीसाठी डॉक्टरने आदल्या संध्याकाळी वाटेवर बाण लावले, सकाळी प्रत्येक गाडीचे पुढचे-मागचे दिवे स्वतः तपासले, आणि गाड्या सोडून ती आडवाटेने पुढे गेली. पुलाजवळच्या फाट्यावर बाण डावीकडे हवा होता. तो उजवीकडे होता. ताफा तळ्याच्या कच्च्या रस्त्याला लागला आणि सर्वांत पुढच्या वकीलसाहेबांच्या गाडीचं पोट दगडावर फुटलं.

“वकीलसाहेब म्हणतात, बाण मीच चुकीचा लावला. आज संध्याकाळी सभा आहे. मला काढतील, आणि फेरीच बंद करतील. आमच्या आधीच्या संयोजकांनी, उस्तादांनी, सुरू केलेली फेरी माझ्या हातून बुडाली, असं व्हायला नकोय मला.”

“बाणाला हात लावलात?”

“नाही. गाडीतूनच पाहिला.”

“मग चला. भावोजी, बिस्किटं नंतर.”

दुपार होत आली तरी धुकं पुरतं उठलं नव्हतं. झाडं अर्धवट पुसल्यासारखी दिसत होती. फाट्यावर, रस्त्याच्या उजव्या कडेला लाकडी खांब होता. त्यावर एका खिळ्यावर फिरणारी बाणाची फळी, गाडीत बसलेल्या चालकाच्या डोळ्यांना दिसेल अशा उंचीवर.

“रात्री पाऊस झाला, पहाटे थांबला,” वहिनी वाकून म्हणाल्या. “डॉक्टरांच्या पावलांचे ठसे धुऊन गेले. हा चाकाचा माग मात्र नंतरचा. खांबाला अगदी चिकटून.”

“आणि पावलं?” भावोजींनी विचारलं.

“एकही नाही.”

“म्हणजे आळशी माणूस.”

“तुम्ही सोडून कोण?” वहिनी म्हणाल्या, पण त्या हसल्या नाहीत.

वकीलसाहेब गॅरेजमध्ये गाडीच्या शेजारी मान खाली घालून बसले होते. गाडीखालच्या ट्रेमध्ये काळं तेल ठिबकत होतं.

“तुम्हाला संयोजक व्हायचं होतं म्हणे,” वहिनी म्हणाल्या.

“व्हायचंय. अजूनही. पण त्यासाठी मी हिला दगडावर नेईन? अहो, हिच्या सीटवर मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला बसू देत नाही!”

बेकरीवाला ताफ्यात शेवटी होता. मंडळातला सर्वांत मोठा थापाड्या म्हणून त्याची ख्याती. चेहऱ्यावर पीठ तसंच ठेवून तो म्हणाला, “मस्करी मी करतो, कबूल. पण हे माझं काम नाही. उलट मीच घाबरलो. माझ्या मागे गाडी होती.”

“तुम्ही शेवटचे होतात ना?”

“तेच तर! फाटा ओलांडला, उस्तादांच्या घराजवळची उंच झाडं गेली, आणि आरशात दोन पिवळे दिवे. मी हळू, ते हळू. मी जोरात, ते जोरात. अंतर जराही बदललं नाही. तळ्यापाशी थांबून मागे वळलो, तर नुसतं धुकं. सांगितलं तर सगळे हसले. सवयच लागलीय त्यांना.”

“आम्हीही हसलो असतो,” भावोजी म्हणाले.

उस्ताद लेथवर काम करत होते, चाकांच्या खुर्चीत बसून. आयुष्यभर त्यांनी यंत्रांचे सुटे भाग घडवले होते. वर्षापूर्वीच्या आजारात पायांतली ताकद गेली, तेव्हा मंडळाचा झेंडा त्यांनी डॉक्टरच्या हातात दिला होता.

शेजारच्या शेडमध्ये त्यांची लांबलचक गाडी उभी होती, आपोआप गिअर बदलणारी. दाराशी एक गुळगुळीत फळी टेकवलेली होती. भावोजी काचेतून आत डोकावले.

“वर्ष झालं, हात लागला नाही तिला,” काकू, म्हणजे उस्तादांच्या पत्नी म्हणाल्या. “चावी माझ्याकडे असते.”

“काय देखणं घड्याळ आहे आत! स्टिअरिंगजवळची ती चकचकीत दांडी कसली?” भावोजींनी आपलं मनगट पाहिलं. “माझं बंदच पडलंय की.” त्यांनी गाडीतल्या घड्याळावरून आपलं लावून घेतलं.

डॉक्टरने सभेचं सांगितलं. उस्तादांनी लेथ बंद केला.

“तुला काढणार? बाणापायी?”

“हो. गाडी फुटली ना.”

“तिथे डांबर होतं पूर्वी,” ते पुटपुटले. मग विषय बदलावा तसे म्हणाले, “आणि त्या बेकरीवाल्याला सांग, मागचा डावा दिवा गेलाय त्याचा. धुक्यात घात होईल एखाद दिवशी.”

वहिनी अंगणात गेल्या. बेकरीवाल्याशी फोनवर दोन वाक्यं बोलल्या आणि परत आल्या.

“भावोजी, घड्याळ कशावरून लावलंत?”

“गाडीच्या.”

“बरोबर आहे का ते?”

भावोजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “अगदी.”

“गाडीतलं घड्याळ बॅटरीवर चालतं. वर्षभर सुरू न केलेल्या गाडीची बॅटरी केव्हाच मेली असती. म्हणजे ही गाडी सुरू होते. पायांनी नाही, त्या दांडीनं. ब्रेक आणि वेग दोन्ही हातात, लेथवर घडवलेले. खुर्चीतून सीटवर सरकायला फळी आहे. बाण फिरवणारा खाली उतरला नाही, कारण त्याला उतरता येत नाही. आणि बेकरीवाला या वेळी मात्र खरं बोलला. पिवळे दिवे या झाडांपाशीच त्याच्या मागे लागले.”

“वहिनी, हे सगळं ‘असेल’ झालं,” भावोजी म्हणाले.

“दिवा ‘असेल’ नाही. सकाळी निघताना डॉक्टरांनी सगळे दिवे तपासले होते. म्हणजे तो वाटेत गेला. आत्ता फोन केला तेव्हा बेकरीवाल्यालाही पत्ता नव्हता. पाहून आला, तर खरंच बंद. शेवटच्या गाडीचा मागचा दिवा कोणाला दिसतो?”

“तिच्या मागे असतो त्याला,” डॉक्टर हळूच म्हणाली.

हाताला लागलेलं लेथचं तेल पुसत उस्ताद म्हणाले, “दिवा बंद दिसला की राहवत नाही. चाळीस वर्षांची खोड.”

“पण उस्ताद, मला सांगायचं तरी! पहिली जागा दिली असती तुम्हाला.”

“आणि सगळ्यांनी माझ्यासाठी गाड्या हळू चालवल्या असत्या. मला बघायचं होतं, तुमच्या वेगानं जमतं का. म्हणून रस्ता दारावरून वळवला.” ते थांबले. “जमलं गं. धुक्यात समोर नुसते लाल ठिपके तरंगत होते. पाय आहेत की नाहीत, आठवलंच नाही. तुझ्या अंगावर येईल हे मात्र सुचलं नाही. सभेत मी सांगतो. वकिलाच्या गाडीचं पोटही मीच सांधून देतो.” मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. “दुसरी चावी होती माझ्याकडे. ती आता घे तू.”

काकूंनी हात पुढे केला नाही.

“रोज पहाटे फाटकापर्यंत जाऊन येता. टाकी कशी रिकामी होत नाही, असं कधी मनात आलं नाही?”

“मला वाटलं, काटा अडकलाय.”

“काटा!” काकू म्हणाल्या. “डबा घेऊन पेट्रोल आणून माझा खांदा उतरलाय.”

संध्याकाळी धुकं पुन्हा खाली आलं. उस्ताद फळीवरून सीटवर सरकले, काकू शेजारी बसल्या. पिवळे दिवे लागले आणि लांबलचक गाडी फाटकातून सभेच्या दिशेनं बाहेर पडली.

मागून डॉक्टर निघाली. समोरचे दोन्ही लाल दिवे नीट लागल्याचं तिनं आधी पाहून घेतलं. मग ते लांब जाऊ लागले, तेव्हा तिला वेग वाढवावा लागला.